कानांचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आलाय म्हणून लगेच सायकलवर बसू नका

तुमच्या सायकलच्या पोस्टमधल्या अल्बमांवर सगळे बोलले, शेवटच्या ता. क. वर कोणीच नाही, म्हणून लिहितेय. रविवारी ७० किलोमीटर सायकल, कानात एकामागून एक तीन डेथ मेटल (रॉकचा जड, आक्रमक प्रकार) अल्बम, शेवटच्या चढावर ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिवेगवान मारा) आणि पाय एका लयीत आले. वाचून हेवाच वाटला. पण शेवटी तुम्ही जवळजवळ लाजत दोन ओळी टाकल्यात: ‘तीन आठवड्यांपासून रात्री कानात बारीक शिट्टी वाजते. तपासून घेतलं, रिपोर्ट नॉर्मल आहे. आणखी कुणाला होतं का?’

होतं. मला सहा वर्षं झाली. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, मराठीत कर्णनाद. नाव एखाद्या ब्लॅक मेटल बँडला शोभेल असं आहे, पण प्रकरण तितकं मजेशीर नाही. मेटल, सायकल आणि बाग हे तीन नाद मी हौसेने लावून घेतले, हा चौथा फुकट मिळाला.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. खाली जे आहे ते माझ्या दोन कानांचं आहे, तुमचे कान वेगळे. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं असेल, गरगरत असेल किंवा आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर हे वाचत बसू नका. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावर स्टेरॉइड देतात, पण ती लवकर सुरू करावी लागतात. दोन आठवडे उलटले की फायदा घटत जातो. हे एवढं पक्कं, बाकीच्यावर वाद घाला.

आवाज मोठा ठेवू नये वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार, ते मलाही ठाऊक होतं. घरात मी कधीच मोठ्याने ऐकलं नाही. माझी चूक सायकलवर झाली, आणि ती चूक आहे हे कळायलाच मला फार उशीर लागला.

सायकलचा वेग वाढला की वारा कानाच्या पाळीवर फुटतो. त्या घोंघावण्यात खालच्या पट्टीचाच आवाज जास्त असतो, त्यामुळे वारा सगळ्यात आधी बेस गिटार आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) खातो. आता मेटल ऐकणाऱ्याला किक ड्रम ऐकू आला नाही तर तो काय करणार? आवाज वाढवणार. पण आवाज वाढवताना नुसती किक वाढत नाही, झांजा आणि गिटारचं करकरीत डिस्टॉर्शनही तेवढंच वाढतं. वारा त्यांना झाकत नाही, ते थेट आत जातात. त्यात आपल्या कानाची नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज मुळातच मोठे करून आत सोडते. म्हणजे मला ऐकायची होती किक, आणि मार बसत होता वरच्या पट्टीला.

याहून मोठा मूर्खपणा पुढे आहे. मी उतारावर आवाज वाढवायची आणि चढावर कमी करायला विसरायची. उतार चार मिनिटांचा आणि पुढचा चढ पंचवीस मिनिटांचा. चढावर वेग ताशी ८ किलोमीटर, वारा शून्य, आणि कानात मात्र उताराचा आवाज. मला वाटायचं, वा, चढावर गाणं काय खुलतंय! खुलत नव्हतं, कान भाजत होते. तुमच्या पोस्टमध्ये तो शेवटच्या चढाचा परिच्छेद आला तेव्हा मी तिथेच थांबले, ते याचसाठी.

शिट्टी सुरू झाली तेव्हा थंडी होती. रात्री बागेकडची खिडकी बंद करूनही रातकिडे ओरडत राहिले, मग लक्षात आलं की रातकिडे बाहेर नाहीत.

आता रिपोर्टबद्दल. मी ज्या श्रवणतपासणी केंद्रात गेले त्याचं नाव घेत नाही, नावाने काही साधत नाही. बंद खोलीत बसवलं, बीप ऐकू आला की बटण दाबा, वीस मिनिटांत काम संपलं. बाहेर आल्यावर हातात एक कागद, त्यावर एक शब्द: ‘नॉर्मल’. मी विचारलं, मग हा आवाज कुठून येतो? उत्तर मिळालं, ‘तुम्ही त्याच्याकडे फार लक्ष देता.’ मी विचारलं, सायकलवर गाणी ऐकली तर चालेल का? ‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग ऐका की.’ समोरचं माणूस नम्र होतं, हसून बोलत होतं, म्हणून तर मी विश्वास ठेवला. कुठला सूर किती मोठा केल्यावर ऐकू आला याचा आलेख मागितला तर म्हणे तो फाइलमध्ये असतो. तो हातात पडायला तीन खेपा झाल्या, आणि तिसऱ्या खेपेला ‘कशाला हवाय?’ हेही ऐकून घेतलं. माझ्याच कानांचा आलेख, आणि कशाला हवाय!

पण खरा तोटा त्या खेपांचा नव्हता. ‘नॉर्मल’ हा शब्द मी परवान्यासारखा वापरला. पुढचे आठ महिने तीच सायकल, तेच उतार, तोच आवाज. मधूनमधून शिट्टी चढायची, मी मनाला सांगायची की लक्ष देऊ नकोस. शेवटी पक्षी बघायला गेले असताना मैत्रीण म्हणाली, ‘ऐकलंस?’ आणि मला नुसती माझी शिट्टी ऐकू आली. तो इवलासा पक्षी आणि माझा कान एकाच पट्टीत गात होते. त्या दिवशी परत येताना मी गाडीत रडले, हे इथे पहिल्यांदाच लिहितेय.

दुसऱ्या एका श्रवणतज्ज्ञाने तोच जुना आलेख पाहिला आणि अर्ध्या मिनिटात बोट ठेवलं. २००० हर्ट्झला ५ डेसिबल, ४००० ला २०, ८००० ला परत १० (आकडा मोठा म्हणजे ऐकणं कमी). दोन्ही कानांत. एकही आकडा नॉर्मलच्या रेषेबाहेर नाही, पण ४००० ला खाच पडलेली. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही नेहमीची खूण, ती ३००० ते ६००० च्या मध्ये कुठेतरी दिसते. केंद्राने खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त रेषा बघितली, आकार बघितला नाही.

नेहमीची तपासणी २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच असते, तीही शांत खोलीत, एका वेळी एकच सूर. त्याच्या वर काय बिघडलंय हे त्या कागदाला ठाऊकच नसतं. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी कानातल्या पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. माणसांमध्ये हे नेमकं किती होतं यावर अजून वाद चालू आहेत, म्हणून मी त्यावरून घाबरवत नाही. पण ‘नॉर्मल’ म्हणजे ‘काही झालेलं नाही’ असं नसतं, एवढं समजायला ते पुरेसं आहे.

शिट्टीमागचं कारण मला ज्या भाषेत समजलं ते सांगते, तुम्ही गिटार वाजवत असाल तर पटेल. कानाकडून एखाद्या पट्टीत सिग्नल कमी आला की मेंदू त्या पट्टीचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचं बटण, वाढवतो असं मानलं जातं. इनपुटला काही नाही आणि गेन पूर्ण, मग अ‍ॅम्प काय करतो? सुंईऽऽ करतो. नॉइज गेट, म्हणजे असा फालतू आवाज कापणारं यंत्र, लावायची सोय मात्र दिलेली नाही.

आकडे आवडत असतील तर जागतिक आरोग्य संघटनेचं माप प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास असं आहे. आवाज दर ३ डेसिबल वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० ला ४ तास, १०० ला फार तर २४ मिनिटं. आता हे अल्बमात मोजा. स्लेयर या बँडचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ २९ मिनिटांच्या आत संपतो, आपल्यात सगळ्यात आटोपशीर अल्बम म्हणून त्याचं कौतुक आहे. तो १०० डेसिबलला एकदा ऐकला की आठवड्याचा कोटा संपून वर उधारी. उलट स्लीप या बँडचं ‘डोपस्मोकर’ हे ६३ मिनिटांचं एकच गाणं ९० ला आठवड्यात पावणेचार वेळा ऐकता येतं, अर्थात इतर काहीच ऐकायचं नाही या अटीवर. काही फोन हेडफोनच्या आवाजाची साप्ताहिक नोंद दाखवतात. अंदाजच असतो, पण माझा सायकलच्या दिवसांचा आलेख बघून मी फोन उलटा ठेवला होता.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. यात मास्टरिंग करणाऱ्यांचाही, म्हणजे रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवणाऱ्यांचाही वाटा आहे. २००८ मध्ये मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा आवाज इतका दाबून सपाट केला होता की चाहत्यांनीच नव्याने मिक्स करा म्हणून ऑनलाइन अर्ज काढला. हळू आणि मोठं यातला फरकच काढून टाकला की कानाला मधे विसावा मिळत नाही, आणि सरासरी आवाज वर जातो. जुने रेकॉर्डिंग ऐका म्हणत नाही, पण लांब वेळ ऐकायचं असेल तर श्वास घेणारी रेकॉर्डिंग निवडा. संपला राग.

उपकरणांबद्दल माझी मतं, पटली तर घ्या. हाडातून आवाज देणारे हेडफोन मी मोठ्या आशेने घेतले. कान मोकळा राहतो, मागून येणारी गाडी ऐकू येते, हे खरं. पण आवाज शेवटी आतल्या कानाच्या त्याच शंखात पोचतो. वर त्यांना बेस नाही, म्हणून वाऱ्यात मी आवाज आणखी वाढवला, आणि गाल गुदगुल्या झाल्यासारखा थरथरत राहिला. बाहेरचा आवाज मारणारे इअरफोन वाऱ्यात गोंधळतात, कारण वारा थेट त्यांच्या माइकवर फुटतो. कान घट्ट बंद करणारे चांगले आहेत, पण ते रस्त्यावर घालणाऱ्याशी मी बोलतच नाही. माझा निर्णय टोकाचा आहे: सायकलवर संगीत नाही. अजिबात नाही. पहिले दोन महिने सायकल रटाळ वाटली. नंतर साखळीचा आवाज ऐकू यायला लागला आणि ती किती कोरडी पडलीये ते कळलं. (तेल घाला. अर्ध्या लोकांच्या साखळ्या करकरतात आणि कानात गाणी असल्याने त्यांना पत्ता नसतो.)

इथे कोणीतरी नक्की म्हणेल की मेटल ऐकलं म्हणजे हे होणारच. मला हे वाक्य आवडत नाही. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक याच्या कानात वर्षानुवर्षं वाजतंय, तो स्वतः उघड सांगतो, ते ठीक. पण एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये कानांमुळे दौरा सोडावा लागला तेव्हा त्याने दोष गाण्याला दिला नाही, शर्यतीच्या गाडीला दिला. हेल्मेटखाली इअरप्लग घालायला विसरला होता. बाहेरचे छंदही निरुपद्रवी नसतात. गवत कापायचं यंत्र चालवत असाल तर त्यावर गाणी ऐकू नका, आधी कान झाका. मैफलीला जाताना संगीतकारांचे फिल्टरवाले प्लग घ्या, फोमच्या बोळ्यांनी गिटार चादरीखाली वाजल्यासारखी येते आणि माणूस वैतागून ते काढून टाकतो.

रात्रीचं काय, असं विचाराल. पूर्ण शांतता टाळा. मी पावसाचा आवाज लावते, शिट्टीपेक्षा थोडा हळू, ती झाकायला नाही तर सोबतीला. शिट्टी बंद करणारं सिद्ध औषध अजून नाही, त्यामुळे तसं म्हणून गोळ्या-थेंब विकणाऱ्यापासून चार हात लांब राहा. त्रास कमी वाटायला सीबीटी या, विचार करायची आणि वागायची सवय बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा पुरावा त्यातल्या त्यात चांगला आहे. मी ते उशिरा केलं, मला उपयोग झाला. शिट्टी तशीच आहे, पण आता मी तिच्याशी भांडत नाही.

बाकी तुम्ही विचारलं नाही तरी या आठवड्याचं माझं: वाफ्यातली खुरपणी, आणि एका छोट्या स्पीकरवर ‘डोपस्मोकर’, शेजारी बोलणं ऐकू येईल एवढ्या आवाजात. डूम मेटल (मेटलचा सगळ्यात संथ प्रकार) आणि खुरपं यांची गती एकच आहे. रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, बदलेपर्यंत वाफ्याची एक ओळ साफ होते.

तुम्ही आधी आलेख मागून घ्या. देत नसतील तर परत मागा, ‘कशाला हवाय’ला उत्तर देत बसू नका. मिळाला की दोन्ही कानांचे २०००, ४००० आणि ८००० चे आकडे इथे टाका, बघू. आणि तुमच्या पोस्टच्या फोटोतला तो तिसरा अल्बम कोणता? मुखपृष्ठ अर्धं सायकलच्या हँडलमागे गेलंय, बँडचा लोगो तर नेहमीप्रमाणे झाडाच्या मुळांसारखा, वाचता येत नाही.