पावसाळ्यात मालवणच्या खानावळीत काय मागवावे?

प्रश्न : आम्ही जुलैमध्ये मालवणला जाणार आहोत. तेथील खानावळीत ताजी सुरमई मिळेल का?

उत्तर : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातलीच असते. मालकांना तसे सरळ विचारावे. त्यात संकोच कसला? त्यापेक्षा खाडीतले मासे, किंवा काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे मागवावेत. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपाचे ते दाट, काळपट सांबारे माझ्या मते बर्फातल्या सुरमईहून कितीतरी सरस लागते. माशाच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, तिरफळे (मसाल्याची छोटी सुकी फळे) आढळली, तर ती चावू नयेत, ताटाच्या कडेला काढून ठेवावीत, कारण त्यांनी जीभ बधिर होते.