पाना-पक्कड : पुंगळ्या धुणारा ड्रम

प्रश्न : काका, सा. न. मी अकरा वर्षांपासून फीनिक्सला (ॲरिझोना) आहे. आई नाशिकहून अंक पाठवते, त्यातलं तुमचं सदर आधी वाचतो. शनिवारी मी रेंजवर टार्गेट शूटिंगला जातो. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करून घरी पुन्हा भरतो. स्वतःपुरतं ते करायला इथे चालतं. पुंगळ्या साफ करायला माझ्याकडे थरथरणारं मशीन आहे, त्यात अक्रोडाच्या कवचाचा भुगा घालतो. पण आवाज आणि धूळ इतकी, की घरात त्या मशीनचं नाव काढायची सोय नाही. म्हणून सहा इंची पीव्हीसी पाइपचा ड्रम केला. त्यात पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक पिना घातल्या, जुन्या ट्रेडमिलची मोटर लावली. तीन तास फिरवूनही पुंगळ्या काळ्याच. वेग वाढवला तर आणखी वाईट! चुकतंय कुठे? – सु. द., फीनिक्स

उत्तर : काका म्हणालास, म्हणून ‘तू’ म्हणतो. तुझी चूक मी १९८७ साली भोसरीत करून झालोय. शेगडीच्या पितळी नोजलांचे दोनेक हजार नग चकचकीत करून द्यायचे होते. मी हौसेनं पत्र्याचं पिंप लेथवर बसवलं आणि चांगलं गरागरा फिरवलं. दुपारी फोरमन आले, पिंपाला कान लावला आणि म्हणाले, “काय रे, कपडे वाळवायचं मशीन केलंस का?” झाकण उघडलं तर नग जसे टाकले तसेच. सगळे तासभर पिंपाच्या भिंतीला चिकटून नुसते प्रदक्षिणा घालत होते.

तुझ्या ड्रममध्ये तेच चाललंय. वेग एका हद्दीपलीकडे गेला की माल भिंतीला चिकटतो आणि ड्रमबरोबर फिरतो. एकमेकांवर घासणंच थांबतं, मग साफ काय होणार? आपल्याला हवी ती घसरण. माल भिंतीबरोबर थोडा वर चढावा आणि खळ्यातल्या धान्याच्या राशीसारखा वरून खाली ओघळावा. ओघळताना पिना पुंगळीला घासतात, सगळं काम तेवढ्यातच होतं.

ही हद्द काढायचा हिशोब सोपा आहे. ड्रमचा आतला व्यास मीटरमध्ये घे, त्याचं वर्गमूळ काढ, आणि ४२.३ ला त्यानं भाग. सिमेंटवाले चुनखडी दळायच्या गिरणीला हाच हिशोब लावतात. तुझ्या सहा इंची पाइपचा आतला व्यास सुमारे १५४ मिमी, म्हणजे ०.१५४ मीटर. वर्गमूळ ०.३९२. भागाकार आला १०८. मिनिटाला १०८ फेऱ्यांना माल चिकटला. आपण चालायचं त्याच्या चाळीस ते साठ टक्क्यांवर, म्हणजे साधारण ४३ ते ६५ फेरे. तू पत्रात वेग लिहिलेला नाहीस, पण वाढवल्यावर बिघडलं म्हणतोस, त्यावरून तू हद्दीच्या आसपास होतास हे नक्की. ड्रमवर रंगीत चिकटपट्टी लाव आणि घड्याळ समोर ठेवून एक मिनिट मोज. कानालाही कळतं बरं का. बरोबर वेगाला ड्रम खळ्ळ, खळ्ळ असा लाटेसारखा बोलतो. नुसताच गुणगुणायला लागला की समज, आत सगळे भिंतीला टेकून बसलेत.

आता मोटर. ट्रेडमिलची मोटर लोक आवडीनं वापरतात, कारण ती भंगारात मिळते आणि तिचा वेग कमी-जास्त करता येतो. मला ती पसंत नाही. ती डीसी मोटर जोरात पळायला केलेली असते. कंट्रोलरवर फार हळू चालवली की तिचा स्वतःचा पंखाही हळू होतो, आणि तीन-चार तासांत हात लावता येणार नाही इतकी तापते. त्यापेक्षा तुमच्याकडे १७२५ आरपीएमची साधी पाव हॉर्सपॉवरची मोटर सहज मिळेल, ती घे. मग वेग पुलीनं उतरवायचा. मोटरवर दीड इंची पुली, शाफ्टवर सहा इंची, की वेग चौथाई झाला, ४३१. शाफ्ट अर्धा इंची घे आणि त्यावर रबरी होज चढव. बाहेरून पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी भरेल. पाइपचा बाहेरचा व्यास १६८ मिमी. १६८ भागिले १९ म्हणजे जवळजवळ नऊपट. ४३१ चे झाले ४९ फेरे. हवे होते तेवढेच. (आपल्याकडे करणाऱ्यांसाठी : इथली मोटर १४४० ची, त्याच पुल्यांवर ४१ फेरे पडतील. चालेल, अर्धा तास जास्त लावा.)

दोन शाफ्ट समांतर ठेव, एक चालणारा आणि एक नुसता फिरणारा. मध्यापासून मध्यापर्यंत ११० मिमी अंतर पुरे. फार जवळ ठेवलेस तर ड्रम उडी मारून बाहेर येतो, फार लांब ठेवलेस तर पाचरीसारखा रुतून बसतो. बेअरिंग पेडस्टलची घे आणि खालची फळी जाड घे. आणखी एक खोड : शाफ्ट केसभर जरी तिरके असले तरी ड्रम हळूहळू एका बाजूला सरकत जातो आणि तासाभरानं टेबलावरून पाय लावून पळतो. दोन्ही टोकांना नायलॉनचं बटण किंवा छोटं चाक लाव, त्याला टेकून राहील. बेल्टवर पत्र्याची जाळी हवीच. आणि पाण्याजवळ मोटर आहे, तेव्हा तुमच्याकडे विजेची गळती झाली की वीज तोडणारा जो सॉकेट असतो, त्यातूनच जोड.

वेग बरोबर असूनही साफ होत नसेल, तर दोष ड्रमच्या आतल्या गुळगुळीतपणाचा. पीव्हीसी आतून काचेसारखं असतं, त्यावरून अख्खा माल एका गोळ्यात घसरतो, उलटापालट होत नाही. आमच्याकडे जॉब-वर्कचे बॅरल षट्कोनी असतात ते यासाठीच. गोल पाइपला उपाय म्हणजे आतून पीव्हीसीच्या तीन पट्ट्या, बोटभर उंच, लांबीभर, सॉल्व्हंट सिमेंटनं चिकटवायच्या. स्क्रू मारायचा मोह आवर. प्रत्येक भोक म्हणजे उद्याची गळती, आणि गळकं पाणी होजवर पडलं की ड्रम जागच्या जागी घसरत बसतो. एक टोक पक्कं बंद कर, दुसऱ्याला क्लँपची रबरी टोपी.

माल किती घालायचा? फूटभर लांब ड्रम असेल तर दोन किलो पिना, एक किलो पुंगळ्या, तीन लिटर पाणी. ड्रम साधारण साठ टक्के भरतो. वर मोकळी जागा राहिलीच पाहिजे, नाहीतर ओघळायला वाव नाही. भांड्यांच्या साबणाचा एक मोठा चमचा आणि लिंबाच्या फुलाचा, म्हणजे सायट्रिक ॲसिडचा, पाव चहाचा चमचा. पाव म्हणजे पावच. चिंचेनं भांडी उजळणारी आपली माणसं, हात सैल सुटतो. आम्ल जास्त झालं की पितळेतलं जस्त विरघळतं आणि पुंगळी गुलाबी दिसायला लागते. पुंगळीचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं असतं, त्यातलं जस्त घालवून कसं चालेल? भांडी घासायची खरबरीत पावडर मुळीच नको. आमच्या वेळी या पिना नव्हत्या. बेअरिंगच्या बाद झालेल्या गोळ्या आणि रिठ्याचं पाणी, त्यावर आम्ही नग असे उजळायचो की तोंड दिसायचं.

आता एक गोष्ट नीट वाच. ज्यात अमोनिया आहे असं कुठलंही पितळेचं पॉलिश पुंगळ्यांना लावू नकोस. यामागची हकीकत आपल्याच देशातली आहे. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेली असायची. कोरडे दिवस येईपर्यंत न झाडताच पुंगळ्यांना भेगा पडलेल्या. म्हणून त्या रोगाला नाव पडलं ‘सीझन क्रॅकिंग’. कारण नीट उलगडलं ते १९२१ साली, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी. घोड्यांच्या मुताचा अमोनिया हवेत, आणि पत्र्यातून ओढून काढताना पुंगळीत राहून गेलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ कणाकणांच्या मधून फाटतं. वरून चकचकीत, आतून भेगाळलेली पुंगळी तुला बंदुकीत घालायची नाहीये.

दुसरी गोष्ट शिशाची, आणि तुझ्या घरच्यांची तक्रार इथे शंभर टक्के खरी आहे. पुंगळीच्या बुडात दारू पेटवणारी छोटी टोपी असते, ती प्रायमर. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. झाडल्यावर त्याची काजळी पुंगळीत राहते आणि कोरड्या भुग्याबरोबर धूळ होऊन गॅरेजभर पसरते. ओल्या ड्रमचा खरा फायदा हा आहे, चमक नंतर. पण मग ते काळं पाणी हातमोजे घालून वेगळ्या बादलीत घ्यायचं आणि गावात घातक कचरा घेतात तिथे द्यायचं. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ते ओतायचं नाही, पुंगळ्या गाळायला घरातली चाळणी घ्यायची नाही. एकदा घेतलीस की ती चाळणी गॅरेजची झाली. लहान मुलं असतील तर ड्रम उघडताना ती आसपास नकोत.

जुने प्रायमर आधी काढून टाक. त्यांची खोबणही साफ होते आणि तिथे पाणी अडत नाही. ड्रममध्ये जाते ती प्रत्येक पुंगळी रिकामी आहे हे बोटानं तपास. भरलेलं काडतूस त्यात कधीही नाही. बारीक मानेच्या पुंगळीत दोन-दोन पिना शेजारी शेजारी आडकतात, तेव्हा बाहेर काढल्यावर एकेक उजेडाकडे धरून आत बघ. कंटाळवाणं आहे, पण एक पिन नळीत गेली तर बंदूक आणि डोळा दोन्हींचा प्रश्न आहे. वाळवायला टॉवेल आणि तुमचं ॲरिझोनाचं ऊन पुरे. घाईत भट्टीत कडक तापवू नकोस. पितळ मऊ पडतं, आणि पुंगळीचं बूड मऊ पडलं तर ती टाकून द्यायची.

आणि आरशासारखी झालीच पाहिजे असं कोणी सांगितलंय? दीड-दोन तासांत मळ निघाला, की थांब. चार तास फिरवून पुंगळ्यांचे काठ बोथट करणारे हौशी मी पाहिलेत. गोळीला काही आरसा लागत नाही.

(महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे वाचून कुठे रिकाम्या पुंगळ्या गोळा करायला जाऊ नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. शोभेची वस्तू म्हणून उचललेली पुंगळी पोलीस ठाण्यात शोभा करते.)

प्रश्न : माझ्या कथकच्या क्लासमध्ये मुलींचे घुंगरू काळे पडले आहेत. हजारेक असतील, दोरीतून काढून ठेवलेत. तुम्ही गेल्या वेळी बॅरल पॉलिशिंगचा उल्लेख केला होता. घुंगरू तशा ड्रममध्ये घालता येतील का? – एक शिक्षिका, सांगली

उत्तर : येतील, पण वर फीनिक्सला सांगितलं तसं पाण्यात नाही. बऱ्याच घुंगरांच्या आत लोखंडी खडा असतो. पाणी आत गेलं की तो गंजतो, आणि उजळलेलं घुंगरू मुकं होतं. शिवाय पिना फटीतून आत शिरतील त्या वेगळ्याच. तुम्ही कोरडा ड्रम करा : पाच लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, वेग पन्नासच्या आसपास, आणि सुताराकडून आणलेला, चाळून बारीक केलेला कोरडा लाकडी भुसा. अर्धा डबा भुसा, त्याच्या निम्मे घुंगरू. मोटर नसेल तर क्लासमधल्या दोन मुलींना डबा आळीपाळीनं जमिनीवरून गडगडवायला सांगा, तालाचा सरावही होईल. मात्र दुसऱ्या कुणाचा वापरलेला ड्रम मागून आणू नका, त्यात आधी काय फिरलंय हे तुम्हाला ठाऊक नाही.

बाहेर काढल्यावर एकेक कानाशी धरून हलवा. भुशाचा कण अडकला असेल तर घुंगरू बोबडं बोलतं. तो कण दाभणानं टोकरून काढा आणि मगच दोरीत ओवा.