ऑफर लेटरवर सही करायच्या आधी

तुझा मेसेज काल रात्री वाचला, न्यू जर्सीतल्या बँकेत मॉर्टगेज म्हणजे घरकर्जाचा लोन ऑफिसर म्हणून घेतायत तुला, खूप बरं वाटलं. तू दोन गोष्टी विचारल्यास, परीक्षा कधी द्यायची आणि कमिशन किती मागायचं.

परीक्षेचं सोपं आहे, बँकेत ती नसतेच. घरकर्ज विकणाऱ्यांसाठीच्या 2008 च्या सेफ ॲक्टप्रमाणे बँकेच्या माणसाचं फक्त फेडरल रजिस्ट्रेशन होतं, बोटांचे ठसे, एफबीआयकडून चेक, मागच्या 10 वर्षांतल्या फायनान्समधल्या नोकऱ्यांची माहिती आणि मग एनएमएलएस नंबर, म्हणजे लोन ऑफिसरांच्या देशभरच्या नोंदणीतला तुझा नंबर. 20 तासांचा कोर्स आणि 75 टक्के लागणारी परीक्षा ही बँकेबाहेरच्या मॉर्टगेज कंपन्यांतल्या लोकांना, त्यांना राज्याचं लायसन्स लागतं. पुढेमागे तू तिकडे गेलास तर तुलाही लागेल. पण नंबर यायच्या आधी कुणी म्हणालं "अ‍ॅप्लिकेशन घेऊन ठेव रे" तर घेऊ नकोस. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल असतं, ते एचआर बघेल म्हणून सोडून देऊ नकोस, तो नंबर तुझा आहे, नोकरी बदलली तरी तोच राहतो आणि कुणीही गिऱ्हाईक तो टाकून तुझी माहिती बघू शकतं.

आता पगार, आणि हे नीट वाच. मी 2006 मध्ये एका कंपनीत होतो, तिथे गिऱ्हाईकाला जितका जास्त व्याजदर लावशील तितकं आपलं कमिशन जास्त. एक नर्स होती, अडीच लाखांचं 30 वर्षांचं लोन, तिला सव्वासहा टक्क्यांनी मिळत होतं, मी पावणेसातला लावलं. तेव्हा ते कायद्यात बसायचं. महिन्याला 82 डॉलर जास्त, आणि तिने मला थँक्यू कार्ड पाठवलं होतं. ते कार्ड मी अजून टाकलेलं नाही.

2011 च्या एप्रिलपासून हे बंद झालं. आता तुझं कमिशन व्याजदरावर किंवा लोनच्या दुसऱ्या कुठल्या अटीवर ठरवता येत नाही, लोनच्या रकमेवर ठरलेला टक्का चालतो. समजा 50 बेसिस पॉइंट, म्हणजे अर्धा टक्का, तर चार लाखांच्या लोनवर दोन हजार डॉलर, दर सहा असो की सात. आणि गिऱ्हाईकाने तुला पैसे दिले तर त्याच लोनवर बँकेकडून वेगळं घेता येत नाही.

यातली एक गोष्ट आपल्या लोकांत हमखास आडवी येते. मंडळातले काका म्हणतील, "अरे घरचाच आहेस, तुझं कमिशन थोडं सोड आणि रेट कमी कर". मनापासून सोडावंसं वाटेल, पण तसं करता येत नाही. रेट कमी करायचा तर बँक स्वतःच्या खिशातून करेल, तुझं कमिशन कापून नाही. अनपेक्षितपणे क्लोजिंगचा, म्हणजे लोनचा व्यवहार पूर्ण करतानाचा, खर्च वाढला तर तेवढीच सूट आहे. काकांना सरळ सांग की कायद्याने मनाई आहे, आणि दुसऱ्या दोन बँकांचे कोट घ्या म्हणावं, राग येत नाही कुणाला.

कमिशन किती हे विचारण्याआधी ड्रॉ विचार. सुरुवातीचे महिने लोन क्लोज होत नाहीत, तेव्हा बँक जे देते तो ड्रॉ, ती बऱ्याचदा उचल असते, पुढच्या कमिशनमधून वळती होते. नोकरी सोडलीस तर ती परत मागतात का, आणि पाइपलाइनमधल्या, म्हणजे अजून क्लोज न झालेल्या, लोनचं कमिशन मिळतं का, हे लेखी घे. ओव्हरटाइमचंही विचार. 2010 मध्ये लेबर डिपार्टमेंटने सांगितलंय की ऑफिसात बसून लोन विकणारा ऑफिसर साधारणपणे ओव्हरटाइमला पात्र असतो, 2015 मध्ये सुप्रीम कोर्टातही ते टिकलं. बाहेर फिरून विकणाऱ्यांचं वेगळं असतं, म्हणून ऑफरमध्ये तुझं पद कसं लिहिलंय ते बघ.

कॉम्प प्लॅन, म्हणजे पगार-कमिशनच्या अटींचा कागद, हातात आला की रविवारी सकाळी फोन कर, एकेक ओळ बरोबर वाचू, तोवर सही करू नकोस.