ब्रूनोचं वजन, आजींची तूप-पोळी आणि पाकिटामागची बारीक अक्षरं

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमचा ब्रूनो लॅब्रॅडॉर आहे, वय ७. दोन वर्षांपूर्वी न्यूटर (नसबंदी) केला तेव्हा ३४ किलोचा होता, आता ४२ भरला. आमच्या इथल्या व्हेटनी ३२ वर आणा म्हणून सांगितलंय. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मग ड्राय फूड देतो, बाकी काहीच नाही. म्हणजे सासूबाई दुपारी दोन तूप लावलेल्या पोळ्या घालतात, मिस्टरांच्या चहाबरोबर चारेक ग्लुकोज बिस्किटं आणि लेक शाळेतून आला की चीजचा एक क्यूब, बस. तरी सारखा भुकेलाच असतो, आपण जेवायला बसलो की तोंडाकडे बघत बसतो. पेट शॉपवाला ‘लाइट’ लिहिलेलं एक पाकीट घ्या म्हणतो, व्हेट वेगळंच महागाचं सांगतात, आणि बहीण म्हणते घरचं चिकन-भात सुरू कर. नक्की कुठलं फूड द्यावं?
– ब्रूनोची आई, ठाणे

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नातला ‘म्हणजे’ फार महत्त्वाचा आहे बघा, कारण ‘बाकी काहीच नाही’ नंतर जे आलंय त्याचाच आधी हिशोब करू. मध्यम पोळी साधारण १०० कॅलरी, वर चमचाभर तूप ४५, म्हणजे दोन पोळ्यांचे झाले २९०. ग्लुकोज बिस्किट एक धरा २५, चारचे १००. चीज क्यूब ६० च्या आसपास. एकूण ४५० झाले.

आता ब्रूनोला दिवसाला लागतं किती ते काढू. मोबाइलचा कॅल्क्युलेटर घ्या. आजचं वजन नाही धरायचं, जिथे न्यायचंय ते धरायचं. ३२ गुणिले ३२ गुणिले ३२, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ, त्याचं परत एकदा वर्गमूळ, आणि त्याला ७० ने गुणा. ९४० च्या जवळपास येतं. वजन उतरवायचं असेल तर सुरुवात आम्ही याच आकड्यापासून करतो. म्हणजे आत्ता मगातलं फूड सुरू व्हायच्या आधीच अर्धा कोटा घरच्या माणसांनी प्रेमाने संपवलेला असतो, आणि मग कुठलंही फूड आणलं, अगदी परदेशातलं, तरी काटा हलत नाही आणि आपण म्हणतो फूडच बेकार.

बरं, भुकेलेपणा हा त्याचा नाटकीपणा नाहीये हे पण सांगते. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळपास एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडाच गायब असतो, त्यामुळे ‘पोट भरलं’ हा निरोप मेंदूपर्यंत नीट जातच नाही. ब्रूनोत तो आहे की नाही माहीत नाही, पण तो तोंडाकडे बघतो म्हणजे उपाशीच असणार असं धरून चालू नका. त्यात न्यूटर केल्यावर शरीराची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते. तिथे वाटी कमी करायला कुणी सांगत नाही ना, मग दोन वर्षांत आठ किलो चढतात.

फूडकडे येऊ. आत्ताचंच फूड निम्मं करून टाकू का, असं बरेच जण विचारतात. थोडं कमी करणं चालतं पण खूप कापलं तर कॅलरीबरोबर प्रोटीन, व्हिटॅमिन, मिनरल पण कापले जातात, चरबीसोबत मसल उतरतो आणि कुत्रा दिवसभर घर डोक्यावर घेतो. तुमचे व्हेट जे महागाचं सांगतायत ते बहुतेक वजन उतरवण्यासाठीचं खास डाएट असणार, रॉयल कॅनिनचं सटायटी किंवा हिल्सचं मेटाबॉलिक वगैरे, त्यात प्रोटीन आणि फायबर जास्त, फॅट कमी आणि बाकीची पोषकं कमी कॅलरीत पुरतील अशी वाढवलेली असतात. १० किलो उतरवायचेत तर माझं मत त्याच बाजूने आहे. तीन-चार किलोचा प्रश्न असता तर एवढा खर्च करा म्हटलं नसतं.

‘लाइट’वाल्या पाकिटाचं म्हणाल तर पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, पाकीट उलटं करा. प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर हे टक्के छापलेले असतात, कॅलरी बऱ्याचदा नसतात, पण त्या घरी काढता येतात. शंभरातून हे चारही वजा करा, ॲश (म्हणजे फूडमधली खनिजं) लिहिली नसेल तर ७-८ धरून तीही वजा करा, उरलं ते कार्ब. मग प्रोटीन आणि कार्बला साडेतीनने गुणा, फॅटला साडेआठने, तिन्हींची बेरीज म्हणजे १०० ग्रॅमच्या अंदाजे कॅलरी. उदाहरणार्थ प्रोटीन २६, फॅट १६, फायबर ३, मॉइश्चर १०, ॲश ७ असं साधं ॲडल्ट फूड ३६० ला जातं. प्रोटीन ३०, फॅट ९, फायबर १७, मॉइश्चर १०, ॲश ६ असं असेल तर २८० च येतं. ब्रूनोच्या ९४० मधले ९० खाऊसाठी बाजूला ठेवले तर उरलेल्या ८५० मध्ये पहिलं फूड बसतं २३५ ग्रॅम आणि दुसरं ३०० ग्रॅम. भांड्यात पडणारा हा ६५ ग्रॅमचा फरक त्याला कळतो हो, आणि फायबरने पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. दुकानातलं लाइट पाकीट या गणितात ३४० ला निघालं तर ते नावालाच लाइट.

आणि तो मग आजपासून बंद. चहाचा मग की कॉफीचा, गच्च भरलेला की सपाट, यावरच रोजचे पन्नास-साठ ग्रॅम इकडेतिकडे होतात. किचनमधला छोटा डिजिटल काटा घ्या, सकाळीच दिवसाचं सगळं फूड मोजून एका डब्यात काढा, ज्याला कुणाला ब्रूनोला काही द्यायचंय त्याने त्या डब्यातूनच द्यायचं, डबा रिकामा की दिवस संपला. सासूबाईंना पोळी एकदम बंद करा म्हणून सांगू नका, त्या ऐकणार नाहीत आणि ऐकलं तरी चोरून घालतील (माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत हेच चालतं). दुपारचा भाग त्यांच्याच हातून जाऊ दे, डब्यातलं फूड आणि वर तूप-मीठ न घालता उकडलेला दुधी, फरसबी, लाल भोपळा, नाहीतर काकडीच्या फोडी. दुधी, काकडीत १०० ग्रॅमला १५ च्या आसपास कॅलरी असतात, ९० च्या कोट्यात भरपूर बसतात. लेकालाही चीजऐवजी गाजराचे तुकडे द्या हातात, लॅबला कुरकुर आवाज आला की पुरे. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका मात्र अजिबात नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

बहिणीचं चिकन-भात वाईट नाही, कुत्रे आवडीने खातात, पण नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, झिंक, आयोडीन, काही व्हिटॅमिन पण कमी पडतात, आणि आपण कोटा आधीच कापलेला असताना ही कमतरता महिनोन् महिने चालली तर त्रास होतो. करायचंच असेल तर व्हेटकडून सप्लिमेंटसकट पूर्ण डाएट लिहून घ्या आणि भातही शिजवल्यावर काट्यावर मोजा.

नवीन फूड ७ ते १० दिवसांत जुन्यात हळूहळू मिसळत न्या, नाहीतर जुलाब होतील आणि फूडला शिव्या पडतील. दिवसाचं तीन वेळेत विभागा. एकदा तरी भांड्यात न देता जुन्या टॉवेलात गुंडाळून किंवा खोलीभर विखरून द्या, शोधून शोधून खाऊ दे. दोन मिनिटांचं जेवण पंधरा मिनिटं चालतं.

दर दोन आठवड्यांनी क्लिनिकच्या काट्यावर वजन करा, ४२ किलोच्या कुत्र्याला उचलून आपण घरच्या काट्यावर उभं राहायचा प्रयोग नको, तुमची पाठ जाईल. आठवड्याला ४०० ग्रॅम, फार तर ८०० उतरले पाहिजेत, त्याहून जोरात नको. म्हणजे सहा-आठ महिन्यांचं काम आहे. महिनाभर काटेकोर मोजूनही उतरलं नाही तर १० टक्के कमी करायचं, पण ते व्हेटला विचारून, आणि तेव्हाच थायरॉइडसाठी रक्तातलं टी-४, टीएसएच पण तपासून घ्या, विशेषतः केस विरळ झाले असतील, सुस्त असेल तर. पाणी फार पितोय, सारखी सू होतेय, पोट लोंबतंय असं असेल तर महिना थांबू नका, कुशिंगची (शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होण्याच्या आजाराची) शंका घ्यावी लागते. आणि खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही भूक वाढते, ते डॉक्टरांना सांगा, मनाने बंद मात्र करू नका.

व्यायामाबद्दल तुम्ही विचारलं नाही ते एका अर्थी बरं, कारण लोक खाणं तसंच ठेवून कुत्र्याला पळवायला लागतात. या वजनात पळणं, जिने, बॉलमागे उड्या नको, सांधे आधीच ओझं वाहतायत. पहाटे आणि रात्री सपाटीवर सावकाश चालणं, ठाण्याच्या उकाड्यात धापा टाकायला लागला की लगेच थांबायचं.

सासूबाईंना पटवायला एक गोष्ट सांगा. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरच्या २४ जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास केला होता, २००२ साली तो छापून आला, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले.

प्रश्न : आमच्याकडे पोमेरेनियन आहे, ६ किलो, ४ वर करायला सांगितलंय. घर पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. व्हेज फूडवर वजन कमी होईल का? दिवसाला एकच तूप-पोळी आणि थोडं पनीर खाते.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दादा, वरचंच गणित ४ किलोला लावा, दिवसाचे येतात साधारण २००. तुमची ‘एकच’ तूप-पोळी त्यातले १४५ खाऊन बसते. ३० ग्रॅम पनीर म्हणजे वर अजून ८० च्या पुढे, कोटा तिथेच ओलांडला. छोट्या कुत्र्यांचं हेच होतं, आपल्याला घास दिसतो आणि तिचं ते अख्खं ताट असतं.

मांजरीचं वेगळं, पण कुत्री शाकाहारावर नीट राहू शकते, फक्त पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असलेलं व्हेज फूड घ्या आणि फॅट कमी, प्रोटीन-फायबर जास्त असं बघून निवडा, १०० ग्रॅमच्या कॅलरी वर सांगितल्या तशा काढा. तिचा दिवसाचा भाग ५०-६० ग्रॅमच असेल, तेव्हा काटा ग्रॅम-ग्रॅम दाखवणारा हवा. खाऊ दिवसाला २० कॅलरीत बसवायचा: गाजराचे दोन-तीन तुकडे, चमचाभर साधं दही किंवा बिनमिठाचा उकडलेला सोयाचा एखादा चंक, यातलं एकच काहीतरी. आणि गळ्यातला पट्टा काढून हार्नेस घाला, पॉममध्ये श्वासनलिका दबण्याचा त्रास कॉमन आहे आणि जाडीने तो वाढतो.

प्रश्न : घरात दोन कुत्रे, एक जाड, एक काटकुळा. काटकुळ्याचं उरलेलं जाड्या खातो. काय करू?
– कोल्हापूर

उत्तर : दोन खोल्या, मध्ये बंद दार, १५ मिनिटं. वेळ संपली की उरलेलं उचलायचं, भांडं तसंच खाली राहू द्यायचं नाही. काटकुळा इतकं सोडतो का आणि का सोडतो, यासाठी मात्र त्याचे दात आणि शी तपासून घ्या, जंताचं औषध कधी दिलं होतं तेही बघा.