पुस्तकातला भाव आणि हातातला भाव

अरे, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत घेतलेला तो १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया नाण्यांच्या भावाच्या एका पुस्तकात (कॅटलॉगात) दुप्पट, दुसऱ्यात निम्मा दिसला म्हणून घाबरू नकोस. दोन्ही खोटं बोलत नाहीत, ते वेगवेगळे भाव सांगतायत.

छापील कॅटलॉगात बहुधा दुकानदार ज्या भावाला विकेल तो आकडा असतो. तू विकायला गेलास तर तो तेवढे देणार नाही, त्यालाही पोट आहे. परदेशी कॅटलॉग डॉलरमध्ये, आणि छापून झाल्यावर चांदी चढली तरी आकडा तिथंच. लिलावाचा भाव खरा मोजलेला, पण त्यावर कमिशन आणि जीएसटी चढतो. शिवाय दोघे हट्टाला पेटले की आकडा वेडावाकडा होतो. म्हणून एकाच लिलावाचा निकाल धरू नकोस, चार-पाच बघ.

सगळ्यात मोठा घोळ ग्रेडचा, म्हणजे नाणं किती झिजलंय त्या प्रतीचा. राजाच्या झग्यावरचा हत्ती भिंगातून बघ. लोकांना तो डुक्कर वाटला, म्हणून १९१२ पासून सोंड नीट दाखवली. तो हत्ती झिजला असेल तर ‘एक्स्ट्रा फाइन’चा, म्हणजे फारसं न झिजलेल्या नाण्याचा, रकाना तुझा नाहीच. आणि चिंच लावून चकचकीत केलास तर किंमत संपलीच! मी पोरवयात तेच केलं होतं.

आपल्याकडे निजामाचे चारमिनारवाले रुपये पुष्कळ निघतात. त्यांचं वजन वेगळं, म्हणून तिथं आधी वजनकाटा काढ. तुझा रुपया मात्र ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, त्यात चांदी ९१.७ टक्के. चांदीचा हिशेब आधी मांड, मग पुस्तक उघड.