दहावीच्या मुलांना मदत करायची असेल, तर निकालानंतरचे वर्ष आधी राखून ठेवा

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, घोडबंदर रस्त्यावरील आपल्या सोसायटीत घरकाम, पहारा, गाड्या धुणे अशी कामे करणाऱ्या कुटुंबांतील काही मुले यंदा दहावीला आहेत, आपल्यापैकी चार-पाच रहिवासी संध्याकाळचा थोडा वेळ देऊ शकतात, तर या मुलांना नेमके काय शिकवावे आणि परीक्षेनंतरही काही करता येण्यासारखे आहे का. मी ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवत होतो आणि निवृत्तीनंतर लोकमान्यनगर भागातील एका अभ्यासिकेत बसतो. प्रश्नाचा दुसरा भाग मी आधी घेतो, कारण माझ्या मते खरी गरज तिथे आहे. दहावीच्या वर्षात मुलाच्या मागे शाळा असते, वर्गशिक्षक असतात, जादा तास असतात, शेजारपाजारचेही विचारपूस करतात. निकाल लागला की पेढे वाटले जातात आणि सगळे आपापल्या वाटेने निघून जातात. त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत जे निर्णय घ्यावे लागतात, ते घेताना या मुलांच्या शेजारी पुष्कळदा सायबर कॅफेतील माणसाखेरीज दुसरे कोणी नसते.

अकरावीचे प्रवेश मुंबई महानगर क्षेत्रात बऱ्याच वर्षांपासून केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात आणि 2025-26 पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली आहे. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात वैयक्तिक माहिती व गुण, दुसऱ्यात महाविद्यालयांचे पसंतीक्रम. यातील मेख अशी की, पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागते. आमच्या अभ्यासिकेतील एका मुलीला वाणिज्य शाखेसाठी ठाणे स्थानकाजवळचे महाविद्यालय सहज मिळाले असते, इतके तिचे गुण होते. परंतु अर्ज भरून देणाऱ्याने ‘इथे नक्की लागेल’ म्हणून कल्याणच्याही पलीकडचे एक महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकले, आणि नोंदणीला स्वतःचाच मोबाइल क्रमांक दिला. यादी लागल्याचा संदेश त्याच्या फोनवर गेला. मुलीला कळले तेव्हा प्रवेशाची मुदत संपायला एकच दिवस उरला होता. रिक्षा, गाडी आणि पुन्हा रिक्षा असा प्रवास तिने दिवाळीपर्यंत कसाबसा रेटला व नंतर कॉलेज सोडले. पुढे 17 नंबरचा, म्हणजे खासगी विद्यार्थ्यांसाठीचा फॉर्म भरून ती बाहेरून बारावी झाली, हे तिचे कर्तृत्व. पण अर्ज भरताना शेजारी बसणारे कोणी असते, तर मधली वर्षे अशी गेली नसती.

म्हणून आपल्यापैकी एकाने तरी मागील वर्षाच्या कट-ऑफ याद्या काढून, मुलाच्या घरापासून प्रत्येक महाविद्यालयाचे अंतर, गाडीचा मार्ग आणि फी यांचा विचार करून, पसंतीक्रम मुलासोबत आणि त्याच्या आईवडिलांसोबत बसून ठरवावा. नोंदणीला मोबाइल क्रमांक घरातलाच द्यावा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवायला लावावा. ट्रान्स-हार्बर या लोकलच्या मार्गामुळे ठाण्याच्या मुलाला ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ ही ठिकाणे आवाक्यात आहेत, हे पुष्कळ पालकांच्या ध्यानातच येत नाही.

याहून आधीचे आणि याहून कंटाळवाणे काम म्हणजे राखीव जागा व शिष्यवृत्ती यांसाठी लागणाऱ्या दाखल्यांचे. ते जूनमध्ये नव्हे, दिवाळीपूर्वी सुरू करावे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात व तो तुलनेने लवकर मिळतो. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची, म्हणजे मागास प्रवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची, मुदत 31 मार्चला संपते, तेव्हा ते कधी काढले आहे हे पाहावे. खरा घोळ जातीच्या दाखल्याचा असतो. ठाण्यात राहणारी यातील बरीच कुटुंबे मूळची मराठवाड्यातील, सोलापूरकडील किंवा कोकणातील असतात आणि दाखल्यासाठी पूर्वजांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा. हा पुरावा ठाण्यात सापडत नाही, तो गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात असतो. कुटुंब सणासुदीला गावी जाणार असेल, तर आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत त्याच फेरीत आणायला सांगावे. शासकीय कार्यालये सणाला बंद असतात, म्हणून एक-दोन दिवस जोडून राहावे लागेल, हेही सांगावे, कारण रोजंदारीवरच्या माणसाला ते आधी ठाऊक असणे गरजेचे असते. नवी मुंबईतील वाचकांसाठी जाता जाता सांगतो, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे तालुक्यात येतो, खारघर-कामोठे मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. चुकीच्या तहसील कार्यालयात अर्धा दिवस घालवून परत आलेले पालक मी पाहिले आहेत.

त्याच सुमारास शाळेच्या नोंदीतील नाव, जन्मतारीख आणि आधार कार्डावरील नाव जुळते का हे पाहावे. वडिलांच्या नावातील एका अक्षराचा फरकही पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी आडवा येतो, आणि मूल शाळेत शिकत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत होणारी दुरुस्ती शाळा सोडल्यावर फार कठीण होऊन बसते. मुलाच्या नावे बँक खाते काढून ते आधारशी जोडून घ्यावे, कारण महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीची रक्कम तशाच खात्यात जमा होते.

आता शिकवण्याविषयी. आपण नवा क्लास काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेत एक पद्धत, क्लासात दुसरी आणि आपल्याकडे तिसरी, यात कच्चे मूल अधिकच गोंधळते. त्यापेक्षा सोसायटीच्या कार्यालयाची खोली संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे टीव्ही चालू आहे, धाकटे भावंड रडते आहे आणि वडील रात्रपाळीला जाण्यापूर्वी झोपले आहेत, तिथे राहणाऱ्या मुलाला टेबल, दिवा, पंखा आणि शांतता या चार गोष्टी कोणत्याही शिकवणीहून अधिक उपयोगी पडतात. मुलींना परत घरापर्यंत कोण सोडणार, हे मात्र पहिल्या दिवशीच ठरवा, नाहीतर आठवडाभरात मुली येणे बंद होते आणि त्याचे कारण कोणी सांगत नाही.

त्या खोलीत करून घ्यायचे काम म्हणजे घड्याळ लावून लिहिणे. गणिताचे बीजगणित व भूमिती हे दोन भाग प्रत्येकी 40 गुणांचे असून प्रत्येकाला दोन तास मिळतात, वर अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात. मुलांना प्रमेये पाठ असतात, पण सलग दोन तास बसून लिहिण्याची सवय नसते. पाऊण तासात पेन खाली ठेवून इकडेतिकडे पाहणारा मुलगा ‘येत नव्हतं’ म्हणतो. त्याची उत्तरपत्रिका पाहिली, तर त्याने रचना नीट काढून स्पष्टीकरणाच्या दोन ओळी तेवढ्या सोडलेल्या असतात आणि गुण तिथेच गेलेले असतात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका दर आठवड्याला एक याप्रमाणे सोडवून घ्या. पाठ्यपुस्तक नसेल, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते मोफत उतरवून घेता येते. एखादे मूल तोंडी उत्तम सांगते आणि लिहिताना मात्र अक्षरे उलटसुलट करते, असे दिसले, तर त्याला आळशी ठरवण्याआधी शाळेला अध्ययन अक्षमतेच्या तपासणीविषयी विचारा. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मान्यताप्राप्त ठिकाणचे प्रमाणपत्र असेल, तर मंडळ वाढीव वेळ आणि इतर सवलती देते. त्याची प्रक्रिया लांबते, म्हणून हेही लवकर हाती घ्यावे.

निकालाच्या दिवशी नापास झालेल्या मुलाकडे आधी जा. एक-दोन विषय राहिले असतील, तर एटीकेटीची, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याची, सवलत घेऊन अकरावीत प्रवेश मिळतो आणि जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षाही असते. हे घरच्यांना त्याच दिवशी सांगितले, तर ‘आता कामाला लाव’ हा निर्णय निदान पुढे ढकलला जातो. मूल फारच खचलेले दिसले, तर 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक द्या. समता विचार प्रसारक संस्था ठाण्यात दहावी उत्तीर्ण झालेल्या वस्त्यांमधील मुलांचा एकलव्य गौरव पुरस्कार देऊन सन्मान करते आणि तेथे टक्केवारीपेक्षा मुलाने कोणत्या परिस्थितीत शिक्षण घेतले ते पाहिले जाते. ही दृष्टी आपल्या सोसायटीच्या सत्कारातही आणता आली तर उत्तम.

दहावीनंतरची वाट अकरावीचीच असली पाहिजे, असा आग्रह धरू नका. ज्याचा हात चालतो त्याला आयटीआयमधील इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुष्कळ वेळा अधिक लाभतो, आणि तेथून पुढे पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची सोयही आहे. विज्ञान वा वाणिज्य घेतलेल्या मराठी माध्यमाच्या मुलासाठी मात्र अकरावीचे पहिले तीन महिने कसोटीचे असतात. भोवती सगळे इंग्रजीतून चालते, वर्गात शंभराच्या आसपास मुले असतात आणि विचारण्याची लाज वाटते. आपली खोली त्याच्यासाठी ऑक्टोबरपर्यंत उघडी राहिली आणि अकाउंट्स समजावणारे कोणी आठवड्यातून एकदा भेटले, तर तो टिकतो, असा माझा अनुभव आहे. बारावीला पोहोचल्यावर प्रवेश परीक्षांच्या तारखांवर आपणच लक्ष ठेवा. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्रासाठी सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा असते हे सर्वांना ठाऊक असते, परंतु 2024 पासून बीएमएस, बीबीए आणि बीसीए या व्यवस्थापन व संगणक पदव्यांसाठीही राज्याची सीईटी सुरू झाली आहे, हे वाणिज्यच्या मुलांना फार उशिरा कळते. तसेच, 2024-25 पासून वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. मुलीची फी परवडणार नाही म्हणून अर्जच न भरणाऱ्या आईला हे जरूर सांगा.

पैशांची मदत द्यावी का, असेही आपण शेवटी विचारले आहे. द्यावी, पण एकरकमी आणि समारंभपूर्वक नको. प्रवेश निश्चित करण्याची मुदत दोन-तीन दिवसांची असते आणि पगाराची तारीख लांब असते, त्या वेळी लागणारे शुल्क, पहिला सवलतीचा रेल्वे पास आणि अकाउंट्सची पुस्तके यांसाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवावी, आणि ती कोणाला दिली हे देणाऱ्या दोघांखेरीज सोसायटीत कोणाला कळू देऊ नये.