माळवदाचे चित्र आणि माळवदाचे वजन

गेल्या महिन्यात या सदरात वास्तुकलेच्या अंतिम वर्षाच्या थिसिसना मिळणाऱ्या पारितोषिकांचा विषय निघाला होता. पारंपरिक बांधकामाच्या जाणकारीवर आधारलेल्या थिसिसकडे अलीकडे परीक्षकांचा ओढा दिसतो, असे मी तेव्हा ओझरते लिहिले होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतल्या चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे आजोळ लातूर जिल्ह्यात आहे आणि आजोबांचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, सात खणी घर अजून उभे आहे. त्या बांधणीचा आधार घेऊन गावात मुलींचे वसतिगृह रचावे, असा माझ्या थिसिसचा विषय आहे. मार्गदर्शक म्हणतात, विषय पारितोषिकाचा आहे. वर्गातले मित्र म्हणतात, किल्लारीनंतर त्या भागात माळवदाचे नाव काढणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. विषय बदलू का?
— एक विद्यार्थिनी, पाचवे वर्ष

उत्तर : विषय बदलू नका, पण किल्लारीला वळसा घालूनही जाऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास तिथे जो भूकंप झाला, त्याची तीव्रता ६.२ होती. तेवढ्या तीव्रतेच्या भूकंपात हजारो माणसे दगावलीच पाहिजेत असे नाही. लातूर-उस्मानाबादकडे ती दगावली याचे मोठे कारण म्हणजे माणसे ज्या घरांत झोपली होती ती घरे. भिंती दोन-तीन फूट किंवा त्याहूनही जाड होत्या, पण ती जाडी फसवी होती. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये मातीत भरलेले लहान-मोठे दगड, अशी ती रचना असे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. गवंडी ज्याला भिंतीला पोट सुटणे म्हणतात ते एरवी वर्षानुवर्षे हळूहळू होते. त्या पहाटे ते काही सेकंदांत झाले आणि वरचे छप्पर खाली आले.

त्या छपराचे वजन तुम्ही स्वतः काढून पाहा. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर मातीचा नवा थर घालतात, पण जुना थर काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. आजोबांनी घातलेल्या मातीवर बापाची माती आणि तिच्यावर मुलाची, अशी ती चढत जाते. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट माती असेल तर साधारण साडेचार टन वजन होते, आणि दोन फूट असेल तर नऊ टन. आजोळी गेलात की साण्याच्या, म्हणजे माळवदातल्या झरोक्याच्या, कडेला टेप लावा. मातीची जाडी तिथे उघडी दिसते आणि त्यासाठी काही खोदावे लागत नाही. तो आकडा तुमच्या छेदचित्रावर मोठ्या अक्षरांत आला पाहिजे.

आता दुसरी बाजू. त्याच भूकंपात कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या, पण लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा जागच्या जागी उभा राहिला, कारण खणाच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेच्या मापाने बांधलेल्या, घरात छपराचा भार खांबांवर असतो आणि भिंत बरीचशी आडोशापुरती असते. म्हणजे सुताराची विद्या टिकली आणि दगडी भिंतीच्या कामात कुठेतरी कसूर होत गेली. भूकंपानंतर जुनी घरे मजबूत करण्याचे जे उपाय सांगितले गेले, तेही याच निदानावर बेतलेले होते : छपरावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार भोके पाडून त्यांत लोखंडी सळईसह काँक्रीट भरणे, वरच्या बाजूने पट्टा फिरवणे आणि खांब व तुळई यांच्या सांध्याला तिरका आधार देणे. मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी भारतीय मानक १३८२७ आणि १३८२८ ही दोन्ही १९९३ सालचीच आहेत. ती थिसिसच्या पहिल्या महिन्यातच वाचून काढा.

असे केलेत तर तुमचे वसतिगृह आजोबांच्या घरासारखे दिसणार नाही, आणि ते बरेच आहे. जाड भिंतीने दुपारचा उकाडा आत यायला लागणारा वेळ, कोनाड्यांची सोय, उन्हाळ्यात माळवदावर झोपण्याची मुभा, खणाच्या मापाने वाढत जाणारी खोली हे सगळे ठेवता येईल. सागवान मात्र आज कोणत्या दराने मिळते ते लाकडाच्या वखारीत जाऊन विचारा आणि तो दर लपवू नका. खांब दुसऱ्या कशाचे करावे लागले तर तसे स्पष्ट लिहा.

एक कबुलीही देऊन टाकतो. काही वर्षांपूर्वी परीक्षक म्हणून बसलो असताना जलरंगात काढलेल्या अतिशय देखण्या शीटसमोर उभे राहून मी विचारले होते, की पावसाचे पाणी या माळवदावरून कुठे जाते. पन्हळ काढायचीच राहून गेली होती. विद्यार्थी गोंधळला, आम्ही सगळे हसलो, आणि त्या दिवशी पारितोषिक त्यालाच मिळाले. त्याला दिलेल्या गुणांत माझेही गुण होते. तेव्हा मार्गदर्शकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही : जुन्या घराचे नुसते चित्र पाहून विरघळणारे परीक्षक आहेत, आणि मी त्यांतला एक होतो.

प्रश्न : मुलगा मातीच्या शाळेवर थिसिस करतो आहे आणि पारितोषिकासाठी पाठवणार म्हणतो. अशी पारितोषिके कोणती आणि त्यांचा पुढे उपयोग काय? कागदावरची मातीची शाळा कोणी बांधते का?
— एक पालक, सांगली

उत्तर : १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने स्थापन झालेली वास्तुकला परिषद देशभरातील उत्कृष्ट थिसिसना पुरस्कार देते. नामवंत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या नावाचे सुवर्णपदकही पदवीच्या अंतिम वर्षाच्या कामासाठी आहे. रॉटरडॅमची आर्किप्रिक्स ही संस्था दर दोन वर्षांनी जगभरच्या महाविद्यालयांकडून प्रत्येकी एकच, त्यांच्या मते सर्वोत्तम, पदवी-प्रकल्प मागवते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या देशव्यापी संघटनेच्या, म्हणजे ‘नासा’च्या (अवकाश संस्था नव्हे), स्पर्धांत लुई कान ट्रॉफी आहे. पण ती थिसिससाठी नसून जुन्या वास्तूंची मोजमापे घेऊन केलेल्या नोंदींसाठी गटाला मिळते. यांतले कोणतेही पारितोषिक केवळ पारंपरिक बांधकामासाठी राखीव नाही. मुदती आणि नियम महाविद्यालयातूनच विचारून घ्यावेत. पारितोषिकाने नोकरी मिळते, असे मी सांगणार नाही. मुलाखतीत बोलायला विषय मिळतो, इतकेच.

कागदावरची शाळा बांधली जाते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र आनंदाने देतो. ॲना हेरिंगर यांनी २००४ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे पदवीचा थिसिस केला तो बांगलादेशातील दिनाजपूर जिल्ह्यातल्या रुद्रपूर गावच्या शाळेवर. त्या गावाशी त्यांची ओळख आधीची होती. स्वतःचे शालेय शिक्षण संपल्यावर दीपशिखा या तिथल्या संस्थेत त्या स्वयंसेवक म्हणून राहिल्या होत्या. पुढच्याच वर्षी ती दुमजली शाळा गावकऱ्यांनी आणि कारागिरांनी मिळून बांधली, आणि २००७ मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. खाली पेंढा मिसळलेल्या मातीच्या जाड भिंती, वर बांबूचा मजला, आणि चिखल तुडवायला जनावरे, एवढे वर्णन सगळीकडे वाचायला मिळते. माझ्या लेखी त्या इमारतीतली खरी गोष्ट जमिनीलगत आहे. तिथल्या घरांना पाया नसायचा आणि ओल अडवणारा थरही नसायचा, त्यामुळे मातीच्या भिंती खालून खचत आणि घरे लवकर जात. या शाळेला विटांचा पाया घातला आणि त्यावर ओल अडवणारा थर दिला. चिखल तुडवण्याची, भिंत रचण्याची कला गावाचीच राहिली. तिच्यातले नेमके दुखणे ओळखून तेवढेच बदलले. मुलाला विचारा, की त्याच्या शाळेची भिंत जोत्याला जिथे टेकते तिथे त्याने काय काढले आहे. उत्तर लगेच आले तर काळजी करू नका.

बुर्किना फासोचे फ्रान्सिस केरे यांनीही आपल्या गांदो गावातली शाळा बर्लिनमध्ये शिकत असतानाच बांधली होती. २०२२ मध्ये त्यांना प्रित्झ्कर हा वास्तुकलेतला मानाचा पुरस्कार मिळाला.

प्रश्न : साणे, कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचे छत), देवळी (भिंतीतला लहान कोनाडा) असे शब्द शीटवर देवनागरीत लिहिले तर बाहेरगावच्या परीक्षकांना कळतील का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही कळणार, आणि ते विचारतील. विचारले की दोन मिनिटे तुम्हाला आयती मिळतील. साण्यातून उजेड येतो, धूर जातो, पावसात त्यावर झाकण पडते आणि त्यातून वरच्या माणसाला हाकही मारता येते. त्याला स्कायलाइट म्हटले की यातल्या तीन गोष्टी गळून जातात.

प्रश्न : मी सिंधुदुर्गात गवंडीकाम करतो. कॉलेजची मुले येतात, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, घरे मोजतात, काठ्यांवर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती कशा करतात ते विचारतात, माझा अख्खा दिवस जातो. पुढे कोणाला तरी बक्षीस मिळाल्याचे पेपरात वाचतो. आमचे नाव कुठेच नसते. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : बरोबर नाही. पुस्तकातले एक वाक्य उचलले तर लेखकाचे नाव देणे बंधनकारक मानणारे आम्ही शिक्षक, कारागिराने तोंडी सांगितलेले मात्र बेवारस माल असल्यासारखे वापरू देतो. कुडाच्या काठ्या देणारे कारवीचे झुडूप कधी तोडायचे, फुलोरा येऊन गेल्यावर काठी कशी होते, कूड बांधताना काठ्या किती जवळ लावायच्या, शेणमातीचा पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा का द्यायचा नाही, हे तुमच्याखेरीज त्या मुलांना कोण सांगणार होते? कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, म्हणजे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एखाद्या मुलाला तो फुलोरा दिसणारही नाही.

पारितोषिकांच्या अर्जात माहिती देणाऱ्या कारागिरांची नावे लिहिण्यासाठी एक रकाना असावा, असे माझे मत आहे आणि परीक्षक म्हणून मी ते वेळोवेळी मांडतो. अजून कोणी मनावर घेतलेले नाही. तोवर तुम्हीच दोन गोष्टी करा. मुले आली की दिवसाची मजुरी आधी सांगा. संकोच करू नका, कारण फिरण्यावर आणि मॉडेलवर त्यांचा खर्च होतच असतो. आणि ज्या घराची मापे घेतली त्याच्या आराखड्याची एक प्रत घरमालकाला आणि एक तुम्हाला द्यायची, हे मोजणी सुरू होण्याआधीच कबूल करून घ्या. पुढे कधी त्या घराची कौले उतरवून वासे बदलायची वेळ आली, तर कोणता वासा किती लांबीचा होता ते त्या कागदावर मिळेल.